हरिपूरची पेवं आणि डेमेराराची पंधरा वर्षं

पेठ नाक्याला हायवे सोडून सांगलीच्या रस्त्याला लागलो आणि पुढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला. जानेवारीत या रस्त्यावर हे चालायचंच. पुढे काढायला जागा नाही, ट्रॉलीला मागे दिवा नाही, टेप मात्र आष्ट्यापर्यंत ऐकू जाईल असा. हॉर्न मारायचा नाद सोडला आणि काच खाली केली. आधी पाचट जाळल्याचा वास आला. कारखाना जवळ आला तसा तो दुसरा, आंबूस, गोडसर, थोडा कुबट. मळीचा. नवख्या माणसाला नाकाला रुमाल लावावासा वाटतो. माझं आजोळ सांगलीचं, मला त्या वासानं भूक लागते.

निमित्त मावसभावाचं होतं. दादा जहाजावर असतो, सहा महिन्यांनी घरी येतो. फोनवर म्हणाला, "पंधरा वर्षांची रम आणलीय लेका. एकट्यानं उघडवत नाही. ये."

पुण्यात सध्या रम चाखायच्या टेस्टिंगचं पेव फुटलंय. मीही एकदा पैसे भरून गेलो होतो. पसरट ग्लासात बर्फाचा डोंगर, वर संत्र्याची साल आणि 'टॉफी, ओक, ट्रॉपिकल फ्रूट' असं पाठ केलेलं म्हणून दाखवणारा मुलगा. मला थंड पाणी आणि संत्रं एवढंच लागलं. त्यामुळे दादाच्या बाटलीबद्दल फार आशा ठेवली नव्हती.

संध्याकाळला वेळ होता म्हणून हरिपूरला गेलो. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, घाटावर गार वारा. पण मला पाहायची होती ती पेवं. जमिनीत खणलेले हे कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत पाल्याचा थर देऊन हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळद टिकायची, कीड नाही, बुरशी नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आतली हवा माणूस मारते. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली. आता गोदामं आहेत. एका बुजलेल्या खड्ड्याकडे बोट दाखवून दादा म्हणाला, "हे आपलं एजिंग."

मी हसलो, पण रात्री पटलं की ते बरोबर उलटं आहे. पेवात हवा जात नाही, म्हणून हळद आहे तशी राहते. रम मुरवायच्या लाकडी पिंपात हवा जाते, म्हणून ती आहे तशी राहत नाही. लाकूड उन्हाळ्यात दारू पिऊन घेतं, गारव्यात परत सोडतं, आणि या देवघेवीत थोडी थोडी उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला दोनेक टक्के उडते. उष्ण प्रदेशात कितीतरी जास्त. दरसाल सहा टक्के धरले तरी पंधरा वर्षांनी पिंपात चाळीसच टक्के उरते. दादाची बाटली महाग का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

बाटली होती एल डोराडोची, दक्षिण अमेरिकेतल्या गयानाची. लेबलावर १५ हा आकडा. तिथे त्याचा अर्थ असा की मिश्रणातली सगळ्यात कोवळी रमसुद्धा पंधरा वर्षांची. सगळीकडे असं नसतं. काही ठिकाणी सगळ्यात म्हाताऱ्या रमचं वय मोठ्या अक्षरात छापतात आणि आत सहा वर्षांचीही असते. आकडा बघून भुलू नये. रंगाला तर मुळीच नाही. जळकी साखर घालून कुठलीही रम काळी करता येते.

गच्चीत चटई टाकली. मावशीनं भडंगाची पातेली वर पाठवली, निरोपासकट: "जेवायला वेळेवर या." मी सवयीनं थम्सअप आणलं होतं. ओल्ड मंक आणि थम्सअप यावर आमची हॉस्टेलची चार वर्षं निघाली आहेत. ओल्ड मंक १९५४ पासून आहे, तीही सात वर्षं मुरवलेली, आणि तिच्याविरुद्ध मी एक अक्षर ऐकून घेणार नाही. पण दादानं ती बाटली उचलून पायरीवर ठेवली. बर्फही नको म्हणाला. खास ग्लास घरात कुठले? चहाचे काचेचे ग्लास घेतले, तोंडाशी जरा अरुंद होते ते.

पहिला वास मी नाक खुपसून घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. ४३ टक्के स्पिरिट नाकात गेल्यावर दुसरं काय होणार? "तोंड किंचित उघडं ठेव, ग्लास हनुवटीशी धर," दादा म्हणाला. मग वास आपणहून वर आला. काकवी. पण ताजी नाही, काहिलीच्या काठाला लागून करपलेली. त्यामागे तासगावचे बेदाणे, जायफळ, आणि आजोबांच्या सागवानी पेटीचं झाकण उघडल्यावर येतो तो वास. 'टॉफी'पेक्षा हे मला जवळचं वाटलं. पहिला घोट नुसता जिभेला सांगण्यापुरता. चव दुसऱ्या घोटाला. आधी गोडी, मग सुपारीसारखा तुरटपणा, आणि गिळून झाल्यावर बराच वेळ छातीत ऊब. चार थेंब पाणी टाकलं तर बेदाणे पुढे आले आणि पेटी मागे गेली. हे नक्की का होतं ते दादानं दोनदा सांगितलं, पण तोवर मी भडंगातली लसूण बाजूला काढत होतो. लसणीवर हा वास टिकत नाही.

बेस मात्र आपलाच. साखर काढून उरलेली मळी, तिला यीस्ट लावून आंबवायची आणि उकळून वाफ धरायची. वेगळी आहेत ती भांडी. गयानातल्या डेमेरारा नदीकाठच्या डायमंड डिस्टिलरीत अजून लाकडी भट्ट्या चालतात, ग्रीनहार्ट नावाच्या टणक लाकडाच्या. जुने साखरमळे बंद झाले तशी त्यांची भांडी इथे आणून ठेवली. त्यातलं एक पोर्ट मोराँटचं.

हे नाव ऐकून मी उठून बसलो. "कन्हायचं गाव!"

वेस्ट इंडिजचा फलंदाज रोहन कन्हाय पोर्ट मोराँटचा, कालिचरणही तिथलाच. ईडन गार्डन्सवर आपल्या गोलंदाजांना २५६ धावा झोडणारा कन्हाय तिथे कसा जन्मला, याचं उत्तर १८३८ सालात आहे. गुलामी संपली, ऊस तोडायला माणसं हवी होती, म्हणून कलकत्त्याहून व्हिटबी आणि हेस्परस ही जहाजं गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर घेऊन गेली. ती भरती १९१७ पर्यंत चालू राहिली.

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. गच्चीवरून पलीकडच्या रानातल्या कोप्या दिसत होत्या. बीडकडचे तोडकरी, प्रत्येक कोपीपुढे एक चूल. कुणीतरी बाळाला थोपटत होतं. पहाटे चारला ट्रॅक्टर येणार.

"त्यातला एकजण तरी ही प्यायला असेल का रे?" त्यानं विचारलं.

"पंधरा वर्षांची? शक्यच नाही."

तिसरा घोट आम्ही घेतला, चौथा नाही. बाटलीत निम्म्याहून जास्त शिल्लक होती. मावशीची हाक दुसऱ्यांदा आली होती.

सकाळी खाली आलो तर ती मोरीपाशी ग्लास हातात घेऊन उभी. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तिनं ग्लास नाकाशी नेला. रात्रभर उघडा राहिलेला, स्पिरिट सगळं उडून गेलेलं.

"चुलवणावर काय ठेवलं होतं रे रात्री?" ती म्हणाली. "आमच्या गुऱ्हाळात शेवटचं आधण उतरवलं की अस्सा वास यायचा."

पुन्हा एकदा वास घेऊन तिनं तो ग्लास न धुताच फळीवर ठेवून दिला.