किशोर गायचा तर आधी नट व्हावं लागतं

जुलै लागला की इंदुरात ट्रॅकवर, म्हणजे तयार वाद्यमेळाच्या ध्वनिफितीवर, गाणाऱ्यांच्या तालमींना जोर चढतो. ४ ऑगस्टला किशोरकुमारचा वाढदिवस आणि त्याचं जन्मगाव खंडवा इथून जेमतेम सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. त्या आठवड्यात किशोरच्या गाण्यांना काही तोटा नसतो. गळे चांगले असतात, कधी कधी तर हुबेहूब असतात. तरी दहातल्या आठ गाण्यांत काहीतरी कमी पडतं. माझ्या मते त्याचं कारण एकच आहे. आपण १९६९ नंतरचा किशोर उचलतो आणि त्याआधी वीस वर्षं कॅमेऱ्यासमोर घासलेला नट सोडून देतो.

थोरला भाऊ अशोककुमार वयाने जवळजवळ अठरा वर्षांनी मोठा आणि बॉम्बे टॉकीजचा नायक. त्यामुळे सिनेमाचं दार धाकट्याला उघडंच होतं, पण त्या दारातून त्याला आत ओढलं गेलं ते नट म्हणून. ‘शिकारी’ (१९४६) हे पहिलं काम. ‘जिद्दी’त (१९४८) खेमचंद प्रकाश यांनी देव आनंदसाठी गायला लावलं, तेव्हा गळ्यावर सैगलची दाट छाप होती. पुढे नायक म्हणून ‘आंदोलन’, ‘नौकरी’, ‘चलती का नाम गाडी’, ‘हाफ टिकट’. या काळात गाणं मुख्यतः स्वतःसाठी किंवा देव आनंदसाठी. ‘रागिनी’त (१९५८) तर ‘मन मोरा बावरा’ला पडद्यावर किशोर आणि आवाज रफींचा! ओ. पी. नय्यर यांना शास्त्रीय ढंगाच्या गाण्यासाठी रफी हवे होते, आणि गायक असूनही किशोरने त्यावर निमूट ओठ हलवले. दुसऱ्याच्या श्वासावर आपलं तोंड बसवायचं म्हणजे कुठला शब्द चेहऱ्यावर किती वेळ टिकतो, हे नेमकं कळतं. पुढे राजेश खन्नासाठी गाताना ते कामी आलं असणारच.

तालमीआधीचा गृहपाठ म्हणून एक जोडी ऐका. ‘कोई हमदम ना रहा’ हे गाणं मुळात ‘जीवन नैया’तलं (१९३६), सरस्वतीदेवींची चाल, गायलंय अशोककुमारने. तेच किशोरने ‘झुमरू’त (१९६१) घेतलं, संगीतही त्याचंच. थोरला भाऊ चाल सरळ म्हणून मोकळा होतो. धाकटा तीच ओळ संथ करतो, शब्दाच्या शेवटी आवाज हलकेच खाली सोडतो आणि मग थांबतो. हे थांबणं वहीत लिहून ठेवा. गाण्याच्या कागदावर जिथे तो थांबतो तिथे उभी रेघ, जिथे श्वास ऐकू येतो तिथे टिंब. एका अंतऱ्याला वीस मिनिटं लागतात, पण नंतर त्या गाण्याकडे बघायची नजर बदलते.

आता सगळ्यांचं लाडकं आणि सगळ्यात जास्त बिघडणारं गाणं, ‘आके सीधी लगी’. ‘हाफ टिकट’ (१९६२), संगीत सलील चौधरी. पडद्यावर प्राण आणि बाईच्या वेशातला किशोर, आणि दोन्ही आवाज एकट्या किशोरचे. आपल्याकडचे हौशी लोक बाईचा आवाज काढायचा म्हणून गळा आवळतात. दुसऱ्या कडव्यापर्यंत आवाज बसतो आणि पुरुषाच्या ओळीही चिरक्या होतात. मूळ गाणं नीट ऐका. बाईच्या ओळीत गळ्यापेक्षा लकब जास्त बदलते: शब्द पुढच्या दातांशी येतात, शेवटचा स्वर मुरडतो, ताल जरा मागे रेंगाळतो. मराठी वाचकाला हे नवं नाही. स्त्रीपार्टी नटांनी वर्षानुवर्षं हेच केलं. मास्टर दीनानाथ ‘भावबंधन’मध्ये लतिका करायचे ते काही चोरटा आवाज लावून नव्हे. (त्यांची लेक लता याच इंदुरात २८ सप्टेंबर १९२९ला जन्मली, किशोरनंतर पंचावन्न दिवसांनी.)

तालीम अशी करा. पहिले चार दिवस गाऊच नका, दोन पात्रांचा संवाद म्हणून वाचा. बाईच्या ओळीला मान डावीकडे, पुरुषाच्या ओळीला उजवीकडे. मान वळली की आवाजाची जागा आपोआप बदलते. मग तालात वाचा, मग स्वरात. दोन पात्रांच्या मधला श्वास नेहमी आधीच्या पात्राची ओळ जराशी आखडून चोरायचा. पुढच्या ओळीची सुरुवात खाल्ली की विनोद मेला.

यॉडलिंग, म्हणजे छातीच्या आवाजातून खोट्या, पातळ आवाजात झटकन उडी मारत गाणं, हा दुसरा खड्डा. ‘मैं हूँ झुम झुम झुमरू’, ‘ज़िंदगी एक सफ़र है सुहाना’, ‘चला जाता हूँ’ ही गाणी घेतलीत तर त्यातून सुटका नाही. छातीचा आवाज आणि खोटा आवाज यांच्यामध्ये प्रत्येक गळ्यात एक सांधा असतो. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या बहुतेक पुरुषांचा तो तार सप्तकातल्या कोमल गंधारापासून पंचमापर्यंत कुठेतरी सापडतो. ‘आ’कार लावून सावकाश वर सरकत जा; जिथे आवाज आपणहून फाटतो तो तुमचा सांधा. ग्वाल्हेर गायकीत वाढलेल्या माणसाने तो सांधा मींडेने, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाऊन, बुजवण्यात उमेदीची वर्षं घालवलेली असतात, आणि इथे तर तो उघडा दिसायला हवा! म्हणूनच शास्त्रीय बैठकीची माणसं इथे अडतात आणि बैठक नसलेला एखादा पोरगा सहज करून जातो.

खालच्या स्वराला ‘ओ’ किंवा ‘आ’, वरच्याला ‘ई’ किंवा ‘ऊ’. खालून वर उडी साधारण धैवताएवढी किंवा थेट तार षड्जाची, मधले स्वर अजिबात न लावता. वर जाताना जोर वाढवायचा नाही, उलट हवा कमी करायची. इथेच सगळे चुकतात: उंच स्वर म्हणून ताकद लावतात, मग छातीचा आवाजच वर खेचला जातो आणि यॉडलऐवजी आरोळी ऐकू येते. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून एका मात्रेला एक स्वर, जमलं की मात्रेला दोन. रोज दहा मिनिटं पुरे. घशात खवखव आली की त्या दिवशी बंद. कार्यक्रमाच्या दिवशी यॉडलची गाणी पहिल्या तीनात नको आणि शेवटीही नको. गळा तापलेला हवा, थकलेला नको.

‘रूप तेरा मस्ताना’बद्दल थोडं. ‘आराधना’तलं (१९६९) हे गाणं पडद्यावर एका सलग शॉटमध्ये आहे आणि किशोरचं पहिलं फिल्मफेअर याच गाण्याचं (अशी एकूण आठ झाली). मंचावर मात्र अंतरा आला की लोक आवाज चढवतात. मुळात तो दाबलेलाच राहतो, वाढतो तो फक्त श्वास. यासाठी माइक दोन-तीन इंचांवर आणा. जवळ आणला की खर्ज आपोआप भरतो, ओरडायची गरज उरत नाही. पण इतक्या जवळ ‘प’, ‘भ’ हे वर्ण फटाक्यासारखे फुटतात, म्हणून माइक तोंडासमोर सरळ न धरता हनुवटीच्या बाजूने तिरका धरा. ‘एक चतुर नार’ला याच्या उलट: माइक सहा इंच लांब आणि इको जवळजवळ बंद. साउंडवाल्याने सगळ्या गाण्यांना एकच इको ठेवला तर द्रुत शब्दांचा नुसता चिखल होतो. त्याला गाण्यांची यादी आधी द्या, समोर खुणा करून.

पट्टी ठरवताना सगळे वरचा स्वर बघतात. ‘चिंगारी कोई भड़के’ला खालचा बघा. सोयीसाठी पट्टी चढवली की त्या गाण्याचं वजनच जातं. ट्रॅक दोन अर्ध्या सुरांपलीकडे सरकवू नका, व्हायोलिन पत्र्यासारखी वाजायला लागतात. आणि ट्रॅक ब्लूटूथवर कधीच नको. आवाज किंचित उशिरा पोचतो, गाणारा त्याच्यामागे जातो आणि लोक म्हणतात तालात कच्चा आहे. साधी वायर लावा.

उच्चारांचं आपलं दुखणं जरा वेगळं आहे. पुण्या-मुंबईचा मराठी माणूस ‘है’चं ‘हइ’ करतो, आपण माळव्यात राहून ‘हे’ करतो. ‘क्या हे भिया’ इंदूरच्या सराफा बाजारात शोभतं, किशोरच्या गाण्यात नाही. ‘है’, ‘मैं’, ‘कैसे’ या तीन शब्दांना पेन्सिलीने गोल करा आणि तोंड उघडं ठेवून म्हणा. ‘मैं’मधलं नाक विसरू नका.

‘पग घुँघरू’ घेणाऱ्यांना एकच सांगणं: त्यातली अवघड सरगम किशोरची नाही, पं. सत्यनारायण मिश्र यांची आहे. तुमच्याकडे शास्त्रीय गाणारा दुसरा माणूस असेल तर त्याला उभा करा, नसेल तर ते गाणंच सोडा.

अडीच तासांच्या कार्यक्रमात अठरा गाणी बसतात, वीस कोंबू नका. निवेदनाला गाण्यामागे दीड मिनिट. क्रिश्चन कॉलेजच्या कँटीनमधल्या किशोरच्या पाच रुपये बारा आण्यांच्या उधारीचा किस्सा इंदुरात प्रत्येकाला पाठ आहे, तो पुन्हा नको. त्या जागी १९६४च्या ‘दूर गगन की छाँव में’बद्दल बोला. ‘आ चल के तुझे’चे शब्द, चाल, आवाज आणि पडद्यावरचा बापही तोच, हे नव्या श्रोत्यांना माहीत नसतं.

मराठी मंडळींसमोर ‘अश्विनी ये ना’ची फर्माईश येणारच. ‘गंमत जंमत’, १९८७, संगीत अरुण पौडवाल. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला किशोर गेला. हे द्वंद्वगीत आहे आणि अनुराधा पौडवालांच्या ओळीही तितक्याच खट्याळ आहेत, तेव्हा गायिकेला आदल्या दिवशी नव्हे, पंधरा दिवस आधी सांगा. दोघांनी एकदा तरी ट्रॅक बंद करून, नुसत्या टाळीवर, एकमेकांकडे बघत म्हणून पाहावं.