भात्यातली नावे

देखण्या पुरुषाला ‘मदनाचा पुतळा’ म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. पोटच्या मुलाचे नाव मात्र मदन ठेवायला आजचे आईवडील सहसा धजत नाहीत. नावाला दोष काहीच नाही. ‘मद्’ या धातूपासून ते आले असून, धुंद करणारा तो मदन. अमरकोशात या देवाच्या नावांची ओळ मदनापासूनच सुरू होते आणि लगेच मन्मथ, म्हणजे मन घुसळून काढणारा, येतो. शंकराने तिसरा डोळा उघडून जाळल्यावर देहच उरला नाही म्हणून तो अनंग झाला, आणि कृष्ण-रुक्मिणीच्या पोटी पुन्हा जन्मला तेव्हा प्रद्युम्न. आयुर्वेदाने वांती करवणाऱ्या गेळफळालाही मदनफळ म्हटले आहे; प्रेमात पडलेल्यांनी त्याचा हवा तो अर्थ लावावा.

गंमत अशी की, मदन मागे पडला तरी त्याचा सरंजाम मराठी घरांत सुखाने नांदला. त्याचे धनुष्य उसाचे, दोरी भुंग्यांची आणि बाण पाच फुलांचे: अरविंद, अशोक, आंब्याचा मोहोर, नवमल्लिका आणि नीलोत्पल. एखाद्या जुन्या सोसायटीच्या जिन्याखालची नावांची पाटी वाचावी, तर पहिल्या मजल्यावर अरविंद, समोरच्या दारी अशोक आणि वर वसंत सापडायचेच. हा वसंत तर मदनाचा जिवलग सखा. कुमारसंभवात शंकराची समाधी मोडायला निघालेल्या मदनाबरोबर कालिदासाने त्यालाच धाडले आहे. अशोकाला सम्राटाचाही आधार आहे, हे कबूल; तरीही हातविणीचा स्वेटर घालून पेन्शनसाठी बँकेत ताटकळणारे अशोकराव मूळचे कामदेवाच्या भात्यातले, हे मनात आले की मला त्यांच्याकडे जरा निराळ्याच आदराने पाहावेसे वाटते.

सगळ्यांत नवल मन्मथ या नावाचे. ज्या शिवाने मदनाला भस्म केले, त्याच्याच उपासकांनी, म्हणजे मराठवाड्यातल्या लिंगायतांनी, हे नाव आपुलकीने जपले आहे. बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे संतकवी मन्मथस्वामींची समाधी आहे, आणि घरोघरी मुलांची नावे ठेवली गेली ती या स्वामींवरून, कामदेवावरून नव्हे. तिकडे ‘मन्मथअप्पा’ अशी हाक ऐकू आली आणि मागे वळून पाहिले, तर ओ देणाऱ्याच्या कपाळावर भस्माचे पट्टे असतात.