ऊसतोड स्त्रियांच्या अभ्यासात प्रश्नावली आणि मुलाखत : माझा अनुभव

मानसशास्त्रातील पीएच.डी.साठी मी बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमधील नैराश्याच्या लक्षणांचा अभ्यास केला. त्यासाठी नैराश्याची लक्षणे मोजणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली आणि तिच्या जोडीला अर्धसंरचित मुलाखत, म्हणजे मुद्दे आधी ठरवून पण उत्तरे मोकळी ठेवून घेतलेली मुलाखत, अशी दोन साधने घेतली. दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात; म्हणून त्याच स्त्रियांना एकदा हंगामात कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, आणि एकदा गावी परतल्यावर भेटायचे, असा आराखडा होता.

नैतिकता समितीच्या परवानगीत सर्वांत जास्त चर्चा नवव्या प्रश्नावर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मरून जावे किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हे तो प्रश्न विचारतो. 'हो' असे उत्तर आले तर त्याच दिवशी काय करायचे, हे आधी लेखी ठरवावे लागले. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाकडे पाठवण्याची व्यवस्था आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक, दोन्ही आम्ही हाताशी ठेवले. निरक्षर स्त्रीचा अंगठा त्रयस्थ साक्षीदारासमोरच घ्यायचा आणि ध्वनिमुद्रणाची संमती वेगळी मागायची, हेही तेव्हाच ठरले.

ही प्रश्नावली उत्तर देणाऱ्याने स्वतः भरावी अशा बेताने बनवलेली आहे. आमच्याकडे बहुतेकींना ती वाचून दाखवावी लागली, आणि वाचून दाखवली की ऐकणारे माणूस समोर असते, त्यामुळे चारचौघांत शोभेल असे उत्तर देण्याकडे कल वाढतो. मुकादम किंवा सासू जवळ असली की 'काही नाही, समदं बरंय' हेच उत्तर ओळीने येई. म्हणून आडोसा मिळाल्याशिवाय आम्ही पहिला प्रश्नही विचारत नसू. 'एकदाही नाही' ते 'जवळपास रोज' या चार पर्यायांसाठी कमी-जास्त पाण्याने भरलेल्या चार पेल्यांचे चित्र दाखवले आणि ते आधी छोट्या गटावर तपासून घेतले. मागचे दोन आठवडे म्हणजे नेमके कधीपासून, हे गावात आठवडी बाजारावरून आणि कोप्यांवर खर्चीच्या, म्हणजे घरखर्चाचे पैसे मिळण्याच्या, दिवसावरून पक्के केले.

खरा पेच गुणांच्या अर्थाचा होता. नऊ प्रश्नांचे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक आले की पुढील तपासणी आवश्यक मानतात. तेवढ्यावरून निदान होत नाही. पण झोप, थकवा आणि भूक हे तीन प्रश्न शरीराचे आहेत. पहाटे तीनला उठून फडात जाणारी आणि मोळ्या वाहणारी स्त्री थकव्याला सर्वांत वरचे गुण देणारच. प्रत्येक वरच्या उत्तरावर आम्ही मुलाखतीत एवढेच विचारत होतो, "हे कशानं होतं असं तुम्हाला वाटतं?" एक मावशी म्हणाल्या, "ताई, फडात अंग मोडून येतंय, त्याचं काही नाही. पर गावाकडं काम नसताना बी उठू वाटंना, त्याचं भ्या वाटतंय." हंगामातल्या आणि गावाकडच्या थकव्याला कागदावर गुण सारखेच पडले होते, त्यांतला फरक या एका उत्तराने उघड केला, आणि मुलाखतीशिवाय तो मला कोणत्याही सांख्यिकी चाचणीतून मिळाला नसता, असे माझे ठाम मत आहे.

मुलाखती उतरवून काढताना बोली जशीच्या तशी ठेवली, गावांची आणि माणसांची नावे काढून टाकली. प्रबंधात एकूण गुणांच्या शेजारी शरीराशी निगडित तीन प्रश्नांचे गुण वेगळे दिले, आणि हंगामाचे व गावाकडचे आकडे एकत्र मिसळले नाहीत. उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेच्या, कर्जाबद्दल प्रश्नावलीत एकही प्रश्न नाही, कारण ती फक्त लक्षणे मोजते. मुलाखतींत मात्र तो विषय स्त्रियांनी आपणहून काढला, इतक्या वेळा, की त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहावे लागले.