गाडीवर झोपता येत नाही

भाचीला विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला आणि त्याच रात्री 'ती जाणार कशानं?' यावर घरात बैठक बसली. कोथरूड ते गणेशखिंड. किलोमीटर कुणी विचारले नाहीत, कारण पुण्यात अंतर चौकांत मोजतात आणि विद्यापीठ चौक एकटाच चार चौकांना भारी पडतो. तिथले जुने उड्डाणपूल २०२० साली पाडले. तेव्हापासून त्या चौकाबद्दल प्रत्येक पुणेकराकडे एक स्वतंत्र सिद्धान्त आणि एक गुप्त गल्ली आहे.

भावजी कागद-पेन घेऊन बसले. त्यांचं मत मेट्रोला. वनाजला बसायचं, सिव्हिल कोर्टला बदलायचं, शिवाजीनगरला उतरायचं. गारेगार, ना धूर ना खड्डे. "आणि बाबा, तिथून पुढे?" भाचीनं विचारलं. पुढे बस किंवा रिक्षा, मग मुख्य फाटक, आणि फाटकापासून विभागापर्यंत पायपीट. चारशेहून अधिक एकरांच्या आवारात 'फाटकाशी सोड' म्हणणं म्हणजे पाहुण्याला वेशीवर उतरवणं. कागदावर ही सगळी पायपीट 'इत्यादी' या एका शब्दात मावली होती.

आईनं सायकल सुचवली. ती स्वतः सायकलवरूनच कॉलेजला जायची, तेही नऊवारी नेसणाऱ्या सासूच्या नाकावर टिच्चून. पुढे १९७२ साली लूना आली, त्याच साली आकुर्डीची चेतकही, आणि हळूहळू पुण्यात 'गाडी' या शब्दाचा अर्थ दुचाकी असाच झाला. चारचाकीला इथे अजूनही 'फोरव्हीलर' असं फोड करून सांगावं लागतं.

ताईचा हिशेब वेगळा. सकाळी कशानंही जा, पण संध्याकाळी जयकर ग्रंथालयातून निघायला उशीर झाला तर? मला वाटतं, मुलींच्या घरात वाहन ठरतं ते या एका प्रश्नावर. भाडं आणि वेळ ही भावजींची करमणूक. (माझ्या वेळी हा प्रश्न कुणी मला विचारला नव्हता. पीएमटीचा पास हातात दिला, विषय संपला.)

तर गाडी आली. पांढरी. स्कार्फ, हातमोजे, हेल्मेट असा सगळा सरंजाम करून भाची निघायची, तेव्हा शेजारचं कुत्रंसुद्धा तिला ओळखायचं नाही. पंधरा दिवस हे चाललं. सोळाव्या दिवशी गाडी खालीच दिसली, सतराव्याही दिवशी.

"बिघडली का गं?"

"नाही रे मामा. बसनं जातेय."

मी चकित. २०२५च्या जूनमध्ये किमान तिकीट पाचाचं दहा झालं तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हीच ओरडली होती. शिवाय बस कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं, आणि आली की लागोपाठ तीन येतात.

"सेनापती बापट रस्त्यावर अर्धा तास अडकायचंच आहे," ती म्हणाली, "मग खिडकीशी बसून अडकते ना. गाडीवर झोपता येत नाही."

भावजींच्या कागदावर झोपेचा रकाना नव्हता. त्यांनी तो कागद शांतपणे चार घड्या करून खिशात टाकला. गाडी आता मी वापरतो, दूध आणायला. पेट्रोल मात्र मलाच भरावं लागतं.