तुम्ही विचारलंत म्हणून: किल्ल्या मामाकडे

नेरूळच्या आमच्या सोसायटीत मी ‘नायरांची सून’. त्यामुळे हळदीकुंकवाला कुणीतरी विचारतंच, ‘‘तुमच्या सासरी बायकांचं राज्य ना हो? मग काय, मजाच की!’’ हल्ली त्यात मेघालयाची भर पडली आहे. तिकडच्या खासी जमातीतही घर मुलीला मिळतं म्हणे. मग त्यांचं टिकलं, तुमचं का मोडलं?

राज्याचं आधी सांगून टाकते. ते बायकांचं कुठेच नव्हतं. केरळातल्या नायरांच्या तरवाडात, म्हणजे एकत्र कुटुंबात, घराणं आईकडून चालायचं, मुलं आईच्या घरची. पण जमीन, धान्य, कोर्टकचेऱ्या बघायचा तो कारणवर, म्हणजे घरातला सगळ्यात मोठा मामा. खासींमध्ये वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे, ‘का खद्दूह’कडे जातं. तिथेही मामाचा शब्द मोठा, आणि गावच्या दरबारात, म्हणजे गावसभेत, बायकांना परंपरेनं जागाच नव्हती. 2023 मध्ये मेघालयाच्या 60 जणांच्या विधानसभेवर निवडून आल्या 3 बायका.

आता मोडलं का? माझ्या मते, पगारामुळे. तरवाडाची मिळकत सामाईक, सगळे राजी असल्याशिवाय वाटणी नाही. इंग्रजी शिकून वकील आणि कारकून झालेल्या नायर पुरुषांना आपली कमाई बहिणीच्या नव्हे, स्वतःच्या मुलांना द्यायची होती. कारणवराच्या कारभाराला तरुण मंडळी विटलेली होतीच. त्रावणकोरात 1925 च्या आणि मलबारात 1933 च्या कायद्यानं वाटणी मागायची वाट उघडली. 1975 च्या कायद्यानं तर केरळातली हिंदू एकत्र कुटुंब पद्धतच रद्द झाली. लोक जागतिकीकरणाला आणि आखाती पैशाला दोष देतात, पण तो पैसा येईपर्यंत मोडायला फारसं उरलंच नव्हतं. सासूबाईंच्या आईच्या वाट्याची जमीन विकून जे आलं, त्यातून आमच्या या सिडकोच्या फ्लॅटचे पहिले हप्ते गेले. फ्लॅट मात्र सासऱ्यांच्या नावावर. फॉर्म भरताना दुसरं काही कुणाच्या मनातही आलं नाही, सासूबाईंच्याही नाही.

खासींना कुंपण मिळालं. राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीमुळे त्यांची स्वतःची स्वायत्त जिल्हा परिषद आहे, आणि 1971 च्या कायद्यामुळे तिथली जमीन बाहेरच्या माणसाला सहजासहजी विकत घेता येत नाही. शिवाय स्वकष्टार्जित मिळकतीचं मृत्युपत्र करायची मुभा 1984 च्या कायद्यानं दिली. नायरांनी ज्यासाठी अख्खं घर वाटून घेतलं, ते खासींना घर न मोडता जमलं. एवढ्यावर सगळे पुरुष खूश आहेत असं नाही. मुलांना बापाचं नाव लागावं म्हणून त्यांच्यातल्या काहींनी 1990 मध्ये संघटनाही काढली.

पण या कुंपणाची झळ बायकांनाच लागते. खासी पुरुषानं माझ्यासारखी परकी बायको केली, तर ‘तांग जाइत’ नावाचा विधी करून तिच्यापासून नवं कूळ सुरू करता येतं, आणि मुलं खासी ठरतात. (नायरांच्या जुन्या हिशेबात अशी सोय नाही. त्या हिशेबानं माझी दोन्ही मुलं कुठल्याच तरवाडातली नाहीत, हे सासूबाईंना सांगून मी एकदा जेवणाचा बेरंग केला होता.) उलट खासी मुलीनं परका नवरा केला तर? खासी हिल्सच्या जिल्हा परिषदेनं 2018 मध्ये विधेयक मंजूर केलं, की तिचं आणि तिच्या मुलांचं खासीपण जावं. बाहेरचे लोक लग्न करून जमिनी आणि सवलती लाटतील, ही भीती. भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्यांचं घराणंच बाईकडून चालतं, त्यांनी बाईलाच वगळायला निघावं हे मला पटत नाही.

ऐरोलीला आमच्या ऑफिसात एक खासी मुलगी आहे, घरात धाकटी. तिची मोठी बहीण बंगळुरूला मजेत नोकरी करते, तिला कुणी परत बोलावत नाही. हिला मात्र आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून शिलाँगहून सारखे फोन. म्हातारे आईबाप, घरातली धार्मिक कार्यं, पडतीला आलेलं भावंड, सगळं धाकटीनंच सांभाळायचं असतं. कॅन्टीनमध्ये आमच्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, अगं, पण घर तुझंच ना? ती म्हणते, ‘‘हो, माझंच. मामा आणि भाऊ हो म्हणाले तर विकू पण शकते.’’