जळीत कक्षाचा टक्का आणि 'डामा'चा रकाना

आमच्या रुग्णालयाच्या जळीत कक्षाचा वार्षिक तक्ता भरताना कक्षातून बाहेर पडलेल्या प्रत्येक रुग्णापुढे एकच नोंद करावी लागते: बरा होऊन घरी गेला, वरच्या रुग्णालयात पाठवला, मरण पावला, किंवा नातेवाइकांनी वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेला. या शेवटच्या प्रकाराला आम्ही सगळे 'डामा' म्हणतो. मृत्यूचा टक्का काढताना वर कक्षात झालेले मृत्यू आणि खाली बाहेर पडलेले सगळे रुग्ण घेतले जातात, त्यामुळे डामा घेतलेला रुग्ण काहीही न करता जिवंतांच्या बाजूला जाऊन बसतो. यंदा आमचा टक्का उतरलेला दिसला आणि आढावा बैठकीत त्याचे कौतुक झाले. त्याच वर्षी डामाच्या नोंदी वाढल्या होत्या, याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत दगावलेले वगळून निव्वळ मृत्युदर काढण्याचीही एक पद्धत आहे. इतर विभागांत ती चालत असेल, पण जळीत कक्षात पहिले दोन दिवस हीच रुग्णाची शॉकशी, म्हणजे कोसळत्या रक्तदाबाशी, आणि आमची सलाईनच्या हिशेबाशी खरी झुंज असते. तेच दिवस गाळून काढलेला दर कक्षाचे काम दाखवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सगळे एका बाईमुळे लिहितो आहे. पोळा पंधरवड्यावर आलेला, निंदण-फवारणीचे दिवस. पस्तीस वर्षांची शेतमजूर बाई, पावसाने भिजलेली कापसाची पऱ्हाटी पेटेना म्हणून फवारणी पंपासाठी आणून ठेवलेले पेट्रोल चुलीत ओतले आणि भडका झाला, असे तिने स्वतः सांगितले. नायब तहसीलदारांनी जबाब घेतला तेव्हा ती पूर्ण शुद्धीवर असल्याचा दाखला मीच दिला होता. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या चिठ्ठीवर अंगाचा भाजलेला भाग '७० टक्के' लिहिलेला होता.

त्या आकड्यावर विसंबून उपचार सुरू करायचे नाहीत, हा आमच्या कक्षाचा नियम आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. आधी वेदनाशामक द्यायचे, मग कपडे कापून काढायचे. पॉलिएस्टरची साडी वितळून मांडीला चिकटलेली असते, ती ओढायची नाही, भोवतीने कापायची. घरच्यांनी लावलेला चुना, टूथपेस्ट, हळद सलाईनने हलक्या हाताने धुवायची. काजळी निघाली की खालची बरीच कातडी शाबूत निघते. नुसती लाल झालेली, फोड न आलेली त्वचा मोजायची नाही, कारण ती जळिताच्या क्षेत्रफळात धरली जात नाही. त्यानंतर १९४४ पासून जगभर वापरला जाणारा, शरीराची आकृती असलेला लंड-ब्राउडर तक्ता घ्यायचा, ज्यात वयानुसार डोक्याचा आणि पायांचा वाटा बदलतो. वरवरचे भाजलेले भाग निळ्या पेन्सिलीने आणि खोल भाग लाल पेन्सिलीने रंगवायचे. सुटे डाग रुग्णाच्या स्वतःच्या हाताने मोजायचे, बोटांसह तळहात म्हणजे साधारण एक टक्का. पुष्कळ तरुण डॉक्टर इथे स्वतःचा हात धरतात. खेड्यातल्या किडकिडीत बाईच्या अंगावर सहा फुटी डॉक्टरचा तळहात ठेवला, तर आकडा चुकणारच.

धुऊन, रंगवून, बेरीज करून तिचे क्षेत्रफळ ४८ टक्के भरले. सत्तर आणि अठ्ठेचाळीस यांतला फरक नुसता कागदावरचा नाही. पार्कलँड सूत्राने पहिल्या २४ तासांचे रिंगर लॅक्टेट सलाईन म्हणजे चार मिलिलिटर गुणिले वजन गुणिले टक्का. तिचे वजन ४५ किलो धरले, तर ४८ टक्क्यांना सुमारे ८.६ लिटर होतात आणि ७० टक्क्यांना १२.६ लिटर. आधीच धूर गेलेल्या फुप्फुसांवर चार लिटरचा जादा भार पडला असता. यातला निम्मा साठा पहिल्या आठ तासांत द्यायचा आणि ते आठ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे, रुग्णालयात आल्यापासून नव्हे. तीन तास वाटेतच गेले होते. उरलेल्या पाच तासांत सव्वाचार लिटर द्यायचे, पण दर तासाची लघवी मोजून वेग कमीजास्त करायचा, कारण सूत्र फक्त सुरुवात करून देते. रात्रपाळीच्या सिस्टरांनी ते काम इतके चोख केले, की तो तासवार तक्ता मी अजूनही नव्या निवासी डॉक्टरांना दाखवतो.

जगण्याचा अंदाज बांधायला आम्ही बॉ गुणांक वापरतो. सर्ज बॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १९६१ मध्ये वय आणि टक्का यांची साधी बेरीज सुचवली; बेरीज जितकी मोठी, तितकी जगण्याची आशा कमी. २०१० मध्ये तिच्यात सुधारणा होऊन श्वासमार्ग भाजला असल्यास आणखी १७ मिळवू लागले. हिच्या नाकातले केस करपलेले, आवाज घोगरा, थुंकीत काजळी. ३५ अधिक ४८ अधिक १७ म्हणजे बरोबर १००. श्रीमंत देशांतल्या चांगल्या केंद्रांत या गुणांकाचे निम्म्याहून अधिक रुग्ण वाचतात. आमच्याकडे वेगळे अतिदक्षता दालन नाही आणि रोपणासाठी त्वचा मिळण्याची सोयही नाही. चिठ्ठीतले सत्तर टक्के धरले असते तर गुणांक १२२ झाला असता. मग ती वाचली असती तर आमची पाठ थोपटली गेली असती आणि मेली असती तर 'सत्तर टक्के होती' म्हणून प्रश्न मिटला असता. फुगवलेला टक्का डॉक्टरला दोन्हीकडून सोयीचा असतो, म्हणूनच तो दुरुस्त करण्याची घाई कोणाला नसते.

पहिले दोन दिवस निभावले. आठव्या दिवसापासून ताप चढू लागला आणि ड्रेसिंगवर हिरवट स्राव दिसू लागला. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला नेण्यासाठी मी चिठ्ठी लिहून दिली. दिराने ती नीट घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "साहेब, घरी नेतो जी. पोळा तोंडावर आहे, लेकरं शेजाऱ्याच्या घरी हायत. तिथं नागपुरात आमचं कोण हाय?" अकराव्या दिवशी 'आमच्या जबाबदारीवर नेत आहोत' या ओळीखाली त्याने अंगठा दिला. अशा नातेवाइकांना दगडाच्या काळजाचे म्हणणारे सहकारी मला भेटतात. दोन माणसांची मजुरी बुडवून परक्या शहराच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात किती दिवस काढता येतात, हे त्यांनी एकदा बघावे.

तक्त्याच्या वेळी वाद झाला तो इथेच. विभागातले एक वरिष्ठ म्हणाले, ती जिवंत गेली, तेव्हा जिवंतच धरा. दुसऱ्यांचे म्हणणे, शंभर गुणांक आणि जंतुसंसर्ग घेऊन घरी गेलेले रुग्ण मेलेलेच धरावेत, निदान प्रामाणिक तरी होईल. दोघांनीही न बघताच ठरवले होते. घरी झालेला मृत्यू आमच्या वहीत येत नाही, आणि पुष्कळदा पोलिसांच्या वहीतही येत नाही. लॅन्सेटमध्ये २००९ साली आलेल्या एका अभ्यासानुसार २००१ या एका वर्षात भारतात आगीने १,६३,००० हून अधिक मृत्यू झाले, त्यांतल्या सुमारे १,०६,००० स्त्रिया होत्या आणि एकूण आकडा पोलिसांच्या नोंदींच्या सुमारे सहापट होता. आमच्या तक्त्यातला डामाचा रकाना याच फरकाचा एक तुकडा आहे, असे मला वाटते.

म्हणून डामा घेतलेल्यांच्या केस पेपरवरचे फोन नंबर काढून एका दुपारी मी एकेका घरी फोन लावायला बसलो. काही नंबर बंद होते. काही घरांतून जे कळले ते अपेक्षितच होते, आणि ते ऐकवताना समोरचा माणूस आमच्यावर नव्हे तर नशिबावर बोल लावत होता. या बाईच्या नंबरवर बाईचा आवाज आला. मी तिच्या नावाने विचारपूस केली, "त्या आता..." एवढेच म्हणालो.

"मीच बोलून राहिली जी."

उपकेंद्राची नर्सबाई आणि गावची आशाताई मिळून दोन महिने रोज ड्रेसिंग करत होत्या. उकळून वाळवलेल्या सुती लुगड्याच्या पट्ट्या आणि आरोग्य केंद्रातून आणलेले सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम, एवढ्यावर. निळ्या पेन्सिलीचा भाग मोठा होता, तो भरून आला. लाल पेन्सिलीचा भाग गळ्यावर आणि काखेत होता. मान हलते का, असे विचारले, तर म्हणाली, "हनुवटी छातीले टेकली जी. वर पाहता येत नाही." मान ताठ ठेवण्याचा पट्टा आणि व्यायाम तिला आमच्याकडे मिळायला हवे होते, आणि ते घरी करून घेण्याची कोणतीही व्यवस्था आमच्या डिस्चार्ज पद्धतीत नाही.

मी तक्त्याला वेगळा कागद जोडला, त्यात डामा घेतलेल्यांची ९० दिवसांनंतरची स्थिती लिहिली: जिवंत, मृत, पत्ता लागत नाही. फॉर्ममध्ये असा रकाना नाही म्हणून वरून तो कागद परत आला. पुढच्या वर्षी मी तो पुन्हा जोडणार आहे. तिला मानेच्या आकुंचनाच्या शस्त्रक्रियेसाठी बोलावले आहे. दाखल होताना संगणक तिला नवा नोंदणी क्रमांक देईल आणि ती नवी रुग्ण म्हणून मोजली जाईल, तेव्हा जुना क्रमांक नव्या केस पेपरच्या डोक्यावर लाल शाईने लिहायला मी सिस्टरांना सांगून ठेवले आहे.