टाकी अर्ध्यावर आली की

ट्रक गॅरेजला आला तेव्हा मालकाचं ठरलेलं होतं: मुख्य पंप, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल मोजून देणारा, उतरवायचा आणि कॅलिब्रेशनला, म्हणजे त्याचं माप तपासून जुळवायला, पाठवायचा. त्याआधी दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकून झाल्या होत्या, सेल्फ उघडून ब्रश बदलले होते, डिझेल फिल्टर तर महिन्यात दोनदा. तरी रोज सकाळी तेच. सेल्फ मारत राहायचं, इंजिन नुसतं फिरत राहायचं, आणि बॅटरी बसायला आली की कुठे एखादं सिलिंडर पेटायचं. एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही, फक्त लोड घेऊन चढाला लागली की दम टाकायची.

गाडी जुनी, सहा सिलिंडरची, इनलाइन पंपाची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी एक दट्ट्या असे सगळे एका रांगेत. दोष वाचणारा स्कॅनर लावायला जागाच नाही. मला अशा गाड्यांवर काम करायला मनापासून आवडतं, कारण त्या सगळं सांगतात, फक्त नीट बघावं लागतं.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी पोराला सेल्फ मारायला बसवलं आणि मी सायलेन्सरच्या मागे जाऊन उभा राहिलो. दहा सेकंद इंजिन फिरलं, पण धुराची रेघसुद्धा नाही. नोझल सिलिंडरमध्ये डिझेल फवारतंय पण ते पेटत नाहीये, असं असेल तर पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. धूरच नाही म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधली हवा नीट दाबली जात नसल्याची, शंका मी तिथेच मागे ठेवली. मग टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणाऱ्या फीड पंपावरचा हँडपंप मारायला घेतला. पहिले तीस-पस्तीस स्ट्रोक नुसते पोकळ, हाताला काही लागेना. मग हळूहळू जडपणा आला. हँडपंप कडक झाल्यावर सेल्फ मारला तर गाडी अर्ध्या सेल्फला सुरू. रात्रीतून लाइन रिकामी होत होती.

फिल्टरच्या पुढे गेज जोडला. अशा मुख्य पंपाच्या गॅलरीत, म्हणजे डिझेल आधी येऊन भरतं त्या पोकळीत, साधारण 1 ते 1.5 बार प्रेशर हवं. आयडलला मिळालं 0.5. अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाढायच्या ऐवजी 0.3 वर यायचं आणि काटा थरथरायचा. जादा डिझेल टाकीत परत नेणारा रिटर्नचा होज क्षणभर दाबून पाहिला, काटा जेमतेम हलला. म्हणजे ते जादा डिझेल सोडणाऱ्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हचा दोष नव्हता. उरला फीड पंप, नाहीतर त्याच्या मागची सक्शन लाइन.

फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी घातली. इंजिन सुरू केलं आणि नळीत बुडबुडे दिसायला लागले. मोहरीएवढे, एकामागून एक, मध्येच एखादा लांबट, नळी भरून जाणारा. सक्शन बाजूची गळती अशीच फसवते. तिथे दाब नसतो, ओढ असते; डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. जमीन कोरडी, पाइप कोरडे. हवा मुख्य पंपात गेली की त्यातला प्लंजर, म्हणजे दट्ट्या, ती नुसती दाबत बसतो आणि दोनशे बारच्या आसपास उघडणारं नोझल उघडतच नाही.

लाइन जोडणाऱ्या पोकळ बंजो बोल्टचे तांब्याचे वॉशर बदलले. एक रबरी होज वाकवल्यावर चिरा दाखवत होता, तोही बदलला. प्रेशर 0.8 झालं, बुडबुडे एखाद-दुसरे राहिले. एवढं चालतं, असं मी मनाशी म्हटलं आणि काम झाल्याचा निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, तेवढेच पोकळ स्ट्रोक. त्या क्षणी फार वाईट वाटलं, कारण बुडबुडे मी डोळ्यांनी पाहिले होते आणि सोडून दिले होते.

तोवर मी सगळं मालकाशीच बोलत होतो. त्या दिवशी ड्रायव्हरकाकांना शेजारी बसवलं आणि विचारलं, "काका, एखाद्या सकाळी लगेच सुरू होते का?"

"होते की मिस्त्री. टाकी फुल केली की पुढचे दोन दिवस एका सेल्फला. अर्ध्यावर आली की मग रडायला लागते."

हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

टाकीची लाइन सोडली आणि फीड पंपाला डिझेलचा कॅन जोडला. कॅन मुद्दाम जमिनीवर ठेवला. वर टांगला असता तर डिझेल आपोआप उतरलं असतं आणि पंपाची ओढ कळली नसती. नळीत एकही बुडबुडा नाही, आयडलला 1.2 बार, अ‍ॅक्सिलरेटर दिला तर 1.5. काटा स्थिर. फीड पंप ठणठणीत होता.

मग टाकीतला सक्शन पाइप बाहेर काढला. वरून काही दिसेना. खालचं तोंड अंगठ्याने बंद करून पाइप डिझेलमध्ये आडवा बुडवला आणि वरून हलकी हवा दिली. मधोमध, आधाराची पट्टी ब्रेझ करून (पितळ वितळवून) जोडली होती त्या कडेला, बारीक बुडबुड्यांची माळ उठली. पुसून भिंगाखाली धरल्यावर चीर दिसली, केसाएवढी, पाइपच्या पाव घेरात. डिझेल तिच्या वर असेपर्यंत पंप त्या चिरेतूनही डिझेलच ओढायचा. पातळी खाली गेली की हवा. आणि रात्री गाडी उभी असताना त्याच चिरेतून हवा शिरून लाइनमधलं डिझेल मुकाट टाकीत परतायचं.

नवा पाइप बसवला. टाकी मुद्दाम पावच ठेवली आणि गाडी रात्रभर उभी केली. सकाळी काकांनाच सेल्फ मारायला सांगितलं. अर्ध्या सेल्फला सुरू झाली. मी गेजकडे बघत होतो, काका खिडकीतून माझ्याकडे. मालक उतरवायला निघाला होता त्या मुख्य पंपाचं सील अजून तसंच होतं.